झाकणाला विरोध

उत्तरेकडच्या एका तीर्थक्षेत्री, रामघाटाच्या गल्लीत विटांच्या हातगाडीखाली गटाराचं झाकण फुटलं आणि समोरच राहणाऱ्या यज्ञेश्वर पाध्यांची झोप उडाली. ते निवृत्त अभियंते. राज्यातली गटारं कशी असावीत याचे नियम ठरवणाऱ्या समितीवर होते, आणि त्यांच्याच दारात उघडं भोक! तक्रारीमागून तक्रारी केल्या, तरी झाकण येईना. शेवटी कुणी पडू नये म्हणून त्यांनी भोकात बांबू उभा केला आणि त्याला बायकोची जुनी लाल साडी बांधली.

दुपारी घाटावरून परतणाऱ्या एका यात्रेकरू बाईंनी साडीला हात जोडले. त्यांचं पाहून मागच्यांनी फुलं वाहिली. संध्याकाळी उदबत्ती लागली.

"अरे भाई, ये नाली है!" यज्ञेश्वर ओरडले.

"ऐसा मत बोलिए बाबूजी, पाप लगेगा," शेजारीच टोपली मांडून बसलेली फुलवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नेमकं झाकण आलं. भक्त आडवे बसले. "मैया को बंद नहीं होने देंगे!" झाकण आणणारे ते भिंतीला टेकवून चहाला निघून गेले. यज्ञेश्वरांनी खडूने भिंतीवर गटाराचा नकाशा काढून सगळं समजावलं. लोकांनी नकाशालाही कुंकू लावलं.

ते घरात येऊन मटकन बसले. "शरदिनी, आयुष्यभर लोकांसाठी भांडलो. आता लोकच माझ्याशी भांडतायत. उद्या कुणाचं पोर पडलं तर?"

शरदिनीबाईंनी पदराने त्यांच्या बोटांवरचा खडू पुसला. "तुम्ही जेवून घ्या. मी बघून येते."

त्या फुलवालीपाशी जाऊन बसल्या, भिंतीला टेकवलेल्या झाकणाकडे पाहत म्हणाल्या, "क्यों री, मैया को ऐसे ही धूप में रखोगी? छत नहीं चाहिए?"

गल्ली चपापली. मग भक्तांनीच बांबू काढला, जयजयकारात झाकण बसवलं आणि साडीची घडी करून वर ठेवली.

"अगं, पण ही शुद्ध अंधश्रद्धा झाली!" यज्ञेश्वर कुजबुजले.

"झाकण नीट बसलं ना?"

"हलतसुद्धा नाही."

"मग झालं तर!"

इतक्यात पंचगंगा घाटाकडचे एक गृहस्थ हात जोडून आले. "इंजीनियर साहब, हमारी नाली भी खुली पड़ी है. अर्ज़ी देते-देते थक गए. सुना है, आप देवी बैठा देते हैं?"

यज्ञेश्वर लालबुंद झाले. नियमावली ऐकवायला त्यांनी तोंड उघडलं, पण शरदिनीबाई चपला घालत होत्या. नवऱ्याच्या तक्रारींच्या फेऱ्यांना त्या आजवर कधीच आल्या नव्हत्या.

"चला," त्या म्हणाल्या, "आज दोघं जाऊ."

यज्ञेश्वरांनी तोंड मिटलं आणि त्यांच्या आधाराला हात पुढे केला. तिकडच्या पायऱ्या फार उभ्या होत्या.