उपरण्याखालचा सौदा

"मला फसवनारा अजून जन्माला यायचाय!"

घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करणाऱ्या कारभारीनं ही गर्जना केली आणि बायकोनं, गोजरबाईनं, कपाळावर हात मारला. धोंड्याचा महिना निम्मा सरला होता आणि श्रीरामपूरचा जावई नितीन रुसून बसला होता. व्हिडिओ गेमची मशीन दिली तरच धोंडे खायला येणार म्हणे! लेक सायली रडकुंडीला आलेली. कारभारीनं उपरणं खांद्यावर टाकलं आणि एसटी धरली.

श्रीरामपुरात गेमच्या कंपनीनं तीन मजली दुकान थाटलेलं. दारात दोन पुरुष उंचीचा एक पैलवान! कारभारीनं त्याला रामराम घातला, तर गडी हूं की चूं करीना. पुतळा होता तो! आत भिंतभर टीव्ही. एक बाप्या जागच्या जागी मोटारीचं चाक फिरवून घामाघूम झालेला. हा निघालाय तरी कुठं, कारभारीला कळेना. भिंतीवर इंग्रजीत एकच नाव आणि त्याला झेंडूचा हार.

"कोन वारलं?"

"कुणी नाही हो! रेकॉर्डवाल्याचं नाव आहे ते," विक्रेता योगेश म्हणाला आणि मशीनचं बटणांचं डबडं पुढं करून दाखवू लागला. "किंमत खोक्यावर लिहिलीय, काका."

"म्हशीच्या कपाळावर किंमत लिवत्यात व्हय?"

कारभारीनं बाजाराच्या रीतीनं योगेशच्या हातावर उपरणं टाकलं आणि भाव सांगायला खालून बोटं दाबायला घेतली. म्हाताऱ्याला खेळायचं दिसतंय, असं समजून योगेशनं डबडं खालून धरून ठेवलं. सौदा करताना नजर समोरच्याच्या तोंडावर ठेवायची, हा बाजाराचा नेम. लई गाठाळ बोटं हायेत पोराची, एवढंच कारभारीच्या मनात आलं.

योगेश मात्र कारभारीच्या पाठीमागच्या टीव्हीकडं बघत होता.

"अरे बापरे!"

भाव ऐकून दचकला! कारभारीनं आणखी जोरात दाबलं.

"काका, मेला! तो पण मेला!"

"सौद्यात कुनी मरत न्हाई. बोल, दिला का?"

माणसं गोळा झाली, शिट्ट्या वाजल्या. कारभारी गोंधळला, पण बोटं थांबली नाहीत. शेवटी योगेशनं त्याला मिठीच मारली.

"काका, रेकॉर्ड मोडला! आजच स्कीम सुरू झालीय, रेकॉर्ड मोडणाऱ्याला मशीन फुकट!"

कारभारी चक्रावला. एवढा भाव पाडून तर त्यानंही मागितलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी नितीन सायलीला घेऊन हजर. खोकं बघून स्वारी खूश!

"मामा, केवढ्याला पडली?"

"फुकट! भिंतीवरचं जुनं नाव पुसून माझं लिवलं. हार बी घातला!"

नितीनच्या घशात अनारसा अडकला. "ते नाव माझं होतं, मामा! वर्षभर दर रविवारी खेळून कमावलेलं!"

आता हा पुन्हा रुसणार, म्हणून कारभारी गारठला. पण नितीन रुसला नाही. त्यानं टीव्हीसमोर बैठक मारली.

"तुमचा रेकॉर्ड मोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

धोंड्याचा महिना कधीच संपला, आता पोळा आलाय. जावई अजून तिथंच! रोज अनारसे हाणतो आणि विचारतो, "मामा, केलंत कसं ते तरी सांगा!"

"मला काय ठावं? मी भाव पाडत हुतो!"

गोजरबाई तळता तळता म्हणते, "जावई रुसलेलाच बरा हुता. निदान सोताच्या घरात तरी रुसत हुता!"