हरित रोजगार मेळाव्याला उमेदवार पाहिजे

सत्कार्य म्हटलं की दोन पक्ष लागतात. एक उपकार करणारा आणि दुसरा ते करून घेणारा. पैकी पहिल्याची टंचाई जगात कुठे पडल्याचं ऐकिवात नाही. दुसरा मात्र ऐन वेळी हाताशी असेलच असं नाही, आणि सापडला तर त्याला जपावं लागतं.

हे ज्ञान गल्लीतल्या चष्मेवाल्यांना मेळाव्याच्या सकाळी झालं. मेळावा त्यांच्याच डोक्यातून निघालेला, म्हणून अध्यक्षही तेच. त्यांची लेक सोलर पॅनेल बसवायचं काम शिकून, पहिल्या वर्गात पास होऊन, कधीची घरी बसली होती. पोरीचा चेहरा उतरत चाललेला पाहून बापाचं काळीज तिळतिळ तुटत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, पोरीनं कामाचे उंबरे किती दिवस झिजवायचे? कामालाच आपल्या दारी बोलवू. त्यासाठी भर रस्त्यात 'हरित रोजगार व लोकसहभाग मेळावा' भरवायचा. (एखाद्या सोलरवाल्या ठेकेदाराला फोन करणं हा दुसरा मार्ग होता. पण त्यात लोकसहभाग नव्हता.)

लोकसहभागाबाबत त्यांनी धोरण उदार ठेवलं. जो विचारेल त्याला समितीत घ्यायचं. जो विचारणार नाही त्याला घरी जाऊन घ्यायचं. परिणामी गल्लीचा सहभाग शंभर टक्क्यांवर गेला, आणि शेजारच्या गल्लीतले रुसले म्हणून त्यांनाही घेतल्यावर एकशे तीसवर. इस्त्रीवाले स्वागत समितीवर गेले, केस कापणारे शिस्तपालनावर. निवृत्त प्राचार्य मार्गदर्शन समितीचे प्रमुख झाले. ते तसेही कोणी नेमलं नाही तरी असतातच.

मेळाव्याच्या दिवशी रस्ता दोन्ही तोंडांना दोरी बांधून बंद केला. टेबलं मांडली. प्रत्येक टेबलामागे छातीला हिरवी फीत लावून मार्गदर्शक बसले. टेबलांपुढच्या खुर्च्या मात्र रिकाम्याच राहिल्या. सगळी गल्ली टेबलांच्या मागे होती. काम मागणारं माणूस शोधता शोधता एकच निघालं, चष्मेवाल्यांची लेक.

समितीची तातडीची बैठक झाली. उपलब्ध बेरोजगाराचं सर्व टेबलांना समन्यायी वाटप करावं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यानुसार लेकीला आळीपाळीनं सगळीकडे बसवलं. खताच्या टेबलावर तिला कचऱ्याचं उज्ज्वल भवितव्य सांगण्यात आलं. प्राचार्य तिच्याशी जिद्दीवर बोलले, आणि ती उठू लागली तेव्हा जिद्दीनं तिला पुन्हा बसवलं. सोलरच्या टेबलावर किराणावाल्यांचे मेहुणे होते. त्यांनी विचारलं, तरुणांना या क्षेत्रात फार वाव आहे, कधी विचार केला आहेस का? तिनं होय म्हटलं तसे ते हिरमुसले. (दुसऱ्या फेरीत तिनं नाही म्हटलं. त्यांना बरं वाटलं.)

दुपारी दोरीपाशी एक टेम्पो येऊन थांबला. आत सोलर पॅनेल रचलेली. ठेकेदारबाई खाली उतरल्या. याच रस्त्यावर पुढे असलेल्या शाळेच्या गच्चीवर काम निघालं होतं आणि बसवणारा माणूस काल काम सोडून गेला होता. स्वागत समितीनं त्यांना फीत लावली आणि कुठलं टेबल हवं ते विचारलं.

"मला मार्गदर्शन करायचं नाही हो," बाई म्हणाल्या. "मला माणूस पाहिजे. आत्ता. काम जमलं तर कायमचा."

मेळाव्यात नोकरी देणारं कोणी येईल, ही शक्यता कार्यक्रमपत्रिकेत धरलेलीच नव्हती.

लेक केव्हाच उठून उभी राहिली होती. प्राचार्यांनी चष्मेवाल्यांना बाजूला घेतलं. प्रमुख पाहुणे वाटेत आहेत, त्यांच्या हस्ते एका बेरोजगाराला रोपटं द्यायचं आहे. ही कामाला लागली तर रोपटं द्यायचं कुणाला? आणि कामाला लागलेलीलाच दिलं, तर ती पाहुण्यांची फसवणूक नाही का? मुद्दा बिनतोड होता. चष्मेवाल्यांना तो पटला. (माणूस अध्यक्ष झाला की त्याला बऱ्याच गोष्टी पटतात.)

ते लेकीपाशी गेले. "पाहुणे येईपर्यंत थांब गं. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"बाई थांबणार नाहीत, बाबा. हे सगळं कोणासाठी चाललंय?"

"तुझ्यासाठीच की. म्हणून तर तू इथं पाहिजेस."

लेक टेम्पोकडे बघत राहिली. लहानपणी तिच्या वाढदिवसाचा केक पाहुण्यांनीच संपवला होता, तेव्हा ती अशीच बघत राहिली होती. तेव्हाही पाहुणे बापानंच बोलावले होते.

चष्मेवाले वळले आणि दोरीपाशी गेले. दोरी सोडण्याचा अधिकार वाहतूक उपसमितीचा होता आणि उपसमिती जेवायला गेली होती. गाठही लोकसहभागातून मारलेली, म्हणजे ज्यानं त्यानं आपापला एक वेढा दिलेला. बोटांना दाद देईना, तेव्हा अध्यक्षांनी भर रस्त्यात गुडघे टेकून ती दातांनी सोडवली. सगळ्या मेळाव्यात नियमबाह्य घडलं ते एवढंच.

"संध्याकाळी येते, बाबा," लेक टेम्पोतून म्हणाली. बापाच्या तोंडात सुंभ होतं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

पाहुणे आले तेव्हा उमेदवाराच्या खुर्चीवर चष्मेवाले स्वतः बसले होते. पाहुण्यांनी त्यांना या वयातही खचू नका म्हणून धीर दिला, रोपटं दिलं आणि फोटो काढला.

अहवालात नोंद आहे: 'मेळाव्यास आलेल्या उमेदवारांपैकी शंभर टक्के उमेदवारांना रोजगार मिळाला. ही त्रुटी पुढील वेळी टाळावी.'

पुढील मेळाव्याची तयारी चालू आहे. समितीतल्या सगळ्या जागा भरल्या आहेत. जागा रिकामी आहे ती फक्त उमेदवाराची. इच्छुकांनी जरूर कळवावं. मात्र हे वाचताना 'मी असतो तर मेळावा नीट भरवून दाखवला असता' असं ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांनी तसदी घेऊ नये. त्यांच्या फिती शिवून तयार आहेत.