काकडीने किडवलेल्या दाढा

पनवेलच्या एका शाळेत दंततपासणी झाली आणि चारशे बारा मुलांपैकी दोनशे सत्त्याऐंशी मुलांचे दात किडलेले आढळले. प्रकरण गंभीर असल्याने दात बाजूला ठेवून प्रथम समिती नेमण्यात आली. अध्यक्षस्थानी मुख्याध्यापक प्रभाकर सर. दंतवैद्य डॉ. हदास आपटेकर यांना तज्ज्ञ म्हणून घेण्यात आले, म्हणजे त्यांनी बोलायचे नव्हते.

"मुलं दिवसभर गोड खातात आणि रात्री दात न घासता झोपतात," डॉ. हदास तरीही बोलल्या.

"हे तुमचं मत झालं, मॅडम," सर म्हणाले. "आपल्याला आकडेवारी हवी."

त्यानुसार पालकांना पंधरा प्रश्नांचा फॉर्म गेला. वर ठळक अक्षरांत छापले होते: 'कृपया खरी माहिती भरावी.' या सूचनेने पालकवर्गात घबराट पसरली. शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिन समृद्धीताईंनी एक आदर्श फॉर्म भरून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी तो मनोभावे उतरवून काढला. दात घासणे: दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन मिनिटे. गोड: फक्त सणाला. आवडता खाऊ: काकडी. एकतीस पालकांनी शेवटच्या रकान्यात 'थँक यू समृद्धीताई' हेही उतरवले.

एकच फॉर्म वेगळा निघाला. तिसरीतल्या जिक्राची आई नूरुन्निसा यांचा मोबाईल त्या आठवड्यात दुरुस्तीला होता. त्यामुळे त्यांना नाइलाजाने खरे लिहावे लागले: 'तिचे अब्बा कुवेतहून चॉकलेटं पाठवतात. डबा वरच्या फळीवर ठेवला तरी ती स्टूल घेऊन चढते. रात्री दात घासायचे राहतात. ती झोपलेली असते आणि मी थकलेली असते.'

समितीने बाकीच्या चारशे अकरा फॉर्मांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. कुणीच गोड खात नसल्याने साखर निर्दोष सुटली. किडके दात असलेल्या मुलांत दोनच गोष्टी समान आढळल्या, ब्रश आणि काकडी. याच दोन गोष्टी असूनही उरलेल्या मुलांचे दात शाबूत कसे, यावर उपसमिती बसली. ती अजून बसलेली आहे. तोवर खबरदारी म्हणून ब्रश दिवसातून एकदाच करण्याची शिफारस झाली आणि डब्यात काकडी आणण्यास बंदी आली. पहिल्याच दिवशी फाटकावर सगळे डबे उघडून पाहण्यात आले. एकाही डब्यात काकडी सापडली नाही. बंदी शंभर टक्के यशस्वी झाल्याचे कळवण्यात आले.

उपचारांसाठी फिरत्या दंतदवाखान्याची गाडी आली, दाढा डॉ. हदासच भरणार होत्या. गाडी शनिवारी जाणार होती आणि नंतर थेट पुढल्या वर्षी येणार होती. ज्यांचे दात पालकांचा काहीही दोष नसताना किडले, अशा दोनशे शहाऐंशी मुलांची यादी लागली. जिक्राचे नाव त्यात नव्हते. ती पंधरा दिवस भाकरी दुधात भिजवून डाव्या बाजूने चावत होती.

नूरुन्निसा शाळेत आल्या.

"सर, माझ्या पोरीची दाढ ठणकतेय. गालाला हात लावू देत नाही."

"वाईट वाटतं, ताई. पण तुम्ही कबुलीजबाब दिलाय. लेखी."

"फॉर्मवर खरं लिहा म्हणून तुम्हीच छापलं होतं ना?"

"छापलं होतं. पण तुम्ही खरोखर लिहाल, ही अपेक्षा नव्हती."

"मग आता?"

"दुरुस्ती अर्ज आहे," सर खालच्या आवाजात म्हणाले. "काकडी लिहा. माझ्याच पेनाने लिहा."

"या अल्ला! तिनं काकडी तोंडाला लावलेली नाही कधी."

"मुद्दा दाढेचा आहे ना, ताई?"

मुद्दा दाढेचाच होता. नूरुन्निसांनी लिहिले. चारशे बारापैकी चारशे बारा मुले काकडी खाऊ लागली आणि अहवालातली एकमेव त्रुटी दूर झाली.

शनिवारी जिक्रा गाडीतल्या खुर्चीवर बसली. उपचारापूर्वी मुलाकडून फॉर्ममधल्या माहितीची खात्री करून घ्यायची, तफावत आढळल्यास नाव रद्द करायचे, असा नियम होता. यादी हातात घेऊन सर दारातच उभे होते.

"जिक्रा, रात्री दात घासतेस ना गं?" डॉ. हदास यांनी नियमाप्रमाणे विचारले.

जिक्राने आईकडे पाहिले, सरांकडे पाहिले.

"डॉक्टर, खरं सांगू, की अम्मीने लिहिलंय ते सांगू?"

सरांचे पेन यादीवर थबकले. नूरुन्निसांनी ओढणी तोंडाशी धरली. पंधरा वर्षे मुलांना 'खरं बोल' म्हणत आलेल्या डॉ. हदास यांनी झटकन कापसाचा बोळा उचलला आणि जिक्राच्या गालात सरकवला.

"आता बोलायचं नाही हं, बाळा. नुसतं आ कर."

दाढ उत्तम भरली गेली.

त्या बोळ्याबद्दल कुणाला वाईट वाटलेच, तर त्यांनी आपल्या मुलाच्या तपासणीत डॉक्टरांना स्वतः काय उत्तर दिले होते ते आठवून पाहावे. आम्हाला सांगू नये, उपसमिती भरलेली आहे. गोष्टीला हसायला हरकत नाही. फक्त तोंड मिटून हसा, मागच्या दाढा दिसतात.