पिच्चर पास

सक्करदऱ्याच्या आमच्या कॉलनीत सार्वजनिक नळाशेजारी एक फळा होता. दर रविवारी सकाळी वामनराव काकडे त्यावर खडूने नव्या सिनेमाचं परीक्षण लिहीत. कचेरीत ते जमिनीचे नकाशे सांभाळत, त्यामुळे परीक्षणालाही चतुःसीमा असे: पूर्वेस नायक, पश्चिमेस नायिका, उत्तरेस खलनायक, दक्षिणेस नायिकेचे वडील. मग सिनेमाचा शेवट. तो ते बिनदिक्कत सांगून टाकत. "शेवट माहीत असला का माणूस आरामात पाहते." सर्वांत खाली निकाल: 'पिच्चर पास' किंवा 'पिच्चर नापास'.

मुलांनो, तुमची आजी नीटनेटकी. पाणी भरता भरता मी 'पिच्चर'चं 'पिक्चर' करी.

"पिक्चर तुमच्या इंग्रजीत असते बाई," वामनराव म्हणत, "आपल्या टॉकीजमधी पिच्चरच लागते."

एक गोष्ट मात्र मला खटके. शनिवारी तीनच्या, सहाला सुटणाऱ्या खेळाला गेलेले वामनराव पाचलाच सायकलवरून घरी परतत.

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. एका हाराच्या मागे लागलेले दोन चोर, एक तो आणि एक ती, परस्परांना फसवता फसवता प्रेमात पडतात, असा एक सिनेमा आला. वर्तमानपत्राने 'ना धड प्रेम, ना धड चोरी' म्हणून त्याला झोडपलं. वामनरावांनी पास केला. शेवट लिहिला: 'हार नायिकेच्या आजीनेच गव्हाच्या कोठीत लपवला होता, नातीचं लग्न जमेपर्यंत.'

कोठीवाल्या त्या आजीच्या कौतुकाने अर्धी कॉलनी सिनेमाला गेली. पडद्यावर आजी शेवटपर्यंत देवळातच बसून होती. हार घेऊन ते दोघे चोर विमानाने पळाले.

"काकडे, कोन्त्या टॉकीजमधी गेलते गा तुम्ही?" कॉलनीच्या सेक्रेटरींनी नळावर सर्वांदेखत विचारलं. रडक्या सिनेमांचा शेवट न पाहताही कोणालाही सांगता येतो. या सिनेमाने वामनरावांना उघडं पाडलं होतं. फळा काढायचं ठरलं. चुका काढायची हौस मला, म्हणून निरोपही माझ्याकडेच आला.

शनिवारी पाचला मी त्यांच्या दाराशी गेले. लकव्याने एक बाजू गेलेल्या त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, खाटेवर होत्या. वामनराव समोर स्टुलावर, पँटला सायकलची क्लिप तशीच.

"अन् हिरोईन ट्रंक उघडते... झाली इंटरव्हल! सांग वं, पुढं काय?"

"थांबा ना जी. विचार करून राहिली मी." जीभ जड, पण शब्द ठाम. मग त्यांनी विचारलं, "मागचा आवडला का लोकायले? तो कोठीवाला?"

वामनरावांनी मान खाली घातली. मग त्यांना मी दिसले.

"ह्या बाईलेच विचार," ते घाईने म्हणाले. "इंग्रजी शिकलेल्या आहेत."

निरोप मी गिळला.

"वहिनी, असा शेवट सिनेमावाल्यांनाही सुचला नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

चेहऱ्याची हलणारी बाजू हसली. "मंग पास?"

"पास."

रविवारी फळ्यावरचं 'पिच्चर' मी तसंच राहू दिलं. सेक्रेटरी फळा उतरवायला आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत माझी भरलेली घागर दिली आणि मी मागे न बघता घराकडे चालू लागले.