निवण्याआधी उघडिली भट्टी

श्रीगजाननासी नमन, अग्निनारायणासी नमन, आणि ज्यांस धीर धरवत नाही त्यांस लांबूनच नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, एका राज्यात कमळजाबाई कर्णिक म्हणोन पदार्थशास्त्राच्या थोर जाणत्या होत्या. त्यांणी बहुत वर्षे खपोन नवा स्फटिक सिद्ध केला. त्याच्या चकतीची चिप केली, तर सिलिकॉन जेथे जळोन जाई तेथे हा विजेचा भार सहज सोसे. अंगठ्याएवढा साधला होता. मुठीएवढा साधला की परमुलखीचे सौदागर येथेच कारखाना घालणार, ऐसे ठरले. मग बाईंणी भट्टी पेटविली, आणि पदार्थ वितळला, आणि स्फटिक वाढला, आणि उरले ते निवणे. ते सावकाशच व्हावे लागे.

इतक्यात उद्योगाचे कारभारी त्र्यंबकराव यांणी मुहूर्त काढविला. मग मांडव पडला, आणि सनई लागली, आणि सौदागर पुढे बसले. बाई भट्टीसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, आत अजून आग आहे. परवा उघडू."

"परवा अमावास्या आहे, बाई."

"अवसेनं स्फटिक तडकत नाही, साहेब. घाईनं तडकतो."

"पाहुणे खोळंबलेत. तुम्हां विद्वानांचा कायम नन्नाचा पाढा. व्हा बाजूला."

मग नारळ फुटला, आणि झाकण उघडिले, आणि गार वारा आत शिरला, आणि आतून टचकन आवाज आला. सौदागर आपसांत बोलिले की जेथे भट्टी मुहूर्ताने उघडते तेथे कारखाना नको, आणि हात जोडोन चालते जाहले. दरबारी दवंडी मात्र ऐसी की बाईंच्या स्फटिकातच दम नव्हता. चोर सोडोन संन्याशास सुळी.

याउपरि निर्लज्जपणाचा कळस. तेच तुकडे मखमलीवर चिकटवोन मानकऱ्यांस स्मृतिचिन्हे वाटिली, आणि बाईंसही शाल, श्रीफळ आणि एक तुकडा दिल्हा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. त्यांणी शालीची घडी परत केली आणि नारळ कारभाऱ्यांपुढे ठेविला.

"हा राहू द्या. पुढच्या भट्टीला लागेल. मी नसेन."

तुकडा तेवढा घेवोन त्या सौदागरांचे मुलखी गेल्या. तेथे भट्टी निवेतो कोणी फिरकले नाही.

एवंच, तो स्फटिक आता या राज्यात परमुलखाहून विकत येतो, आणि त्याची पेटी उघडावयास दरबार मुहूर्त पाहतो.