मल्लोजीरावांचा अडकित्ता

मल्लोजीराव कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी ओढून बघत. मग बसायला दिलेल्या खुर्चीचा हात. आणि तुम्ही जरा जवळचे असलात, तर तुमच्या कोटाचं बटण. माझी दोन बटणं अशी त्यांच्या हातात आली. दोन्ही वेळा त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गेलेलंच होतं हे. मी स्वल्प ओढलं, एवढंच."

कानडीत स्वल्प म्हणजे थोडंसं. आमच्या म्हैसूरच्या मराठीत हा शब्द इतका मुरलाय की तो कानडी बोलण्यातून आलाय हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण मल्लोजीरावांचं स्वल्प ओढणं म्हणजे समोरच्यानं दोन पावलं पुढे येणं.

नजरबादेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचे आजोबा आणि वडील महाराजांच्या घोडदळात होते. मल्लोजीरावांच्या वाट्याला घोडा आला नाही, मोटार आली. एका जहागीरदारांच्या मोटारखान्यात दिव्यांच्या नि भोंग्याच्या तारा जोडायचं काम ते करीत. मी कचेरीतला कारकून. विजेबद्दल मला एवढंच ठाऊक की तिच्यापासून लांब राहावं.

माझ्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरा-नवरीच्या उपरण्या-शेल्याची गाठ बांधून झाली, मंडळी आशीर्वाद द्यायला लागली, आणि मल्लोजीरावांनी आशीर्वाद देता देता ती गाठ ओढली. ती सुटली. "अय्यो, अपशकुन!" म्हणून आमच्या आत्याबाई खालीच बसल्या.

"अपशकुन कसला?" मल्लोजीराव म्हणाले. "आत्ता सुटली ते बरं नव्हे काय? उद्या रस्त्यात सुटली असती तर?"

आणि त्यांनी आजोबांच्या घोड्याच्या लगामाची गाठ मारून दिली. ती दुसऱ्या दिवशी कोणालाच सुटेना. शेवटी शेला कातरावा लागला. त्या जोडप्याचा संसार आजही उत्तम चाललाय, आणि त्याचं श्रेय मल्लोजीराव बिनदिक्कत स्वतःकडे घेतात.

त्यांचं स्वतःचं जोडपंही तसं घट्टच होतं. तुळसावहिनी कमी बोलणाऱ्या. त्यांना नाद एकच, जेवणानंतरच्या विड्याचा. त्यासाठी आईनं दिलेला, तंजावरहून आलेला पितळी मुठींचा अडकित्ता त्या जिवापाड जपत. मल्लोजीराव स्वतः पान-सुपारीला कधी शिवत नसत. पण बायको सुपारी कातरायला बसली की ते समोर येऊन बसायचे आणि अडकित्त्याच्या सांध्याकडे बघत राहायचे. "काय सांधा आहे!" म्हणायचे. वहिनींना वाटायचं, आपल्याकडे बघतात.

यात बिब्बा घातला तो तेप्पानं. दरवर्षी देवीला तेप्पात, म्हणजे सजवलेल्या तराफ्यात बसवून तळ्यात फिरवतात. त्या वर्षी जहागीरदारांनी मोटारीची बॅटरी आणि दिवे दिले, आणि तेप्पावर विजेची रोषणाई करायचं काम मल्लोजीरावांकडे आलं. तेप्प तळ्याच्या मध्यावर गेलं आणि एकदम सगळं विझलं. काठावर हशा पिकला. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी वहिनींना म्हणालं, "तुझ्या यजमानांनी देवीलाच कत्तलेत बसवलं की गं!" कत्तले म्हणजे अंधार. वहिनींनी घरी येऊन नेहमीसारखी सुपारी कातरली. मल्लोजीरावांनी मात्र पाण्यावरून ते ऐकलं होतं.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला.

"कारकूनसाहेब, चूक कुठं झाली सांगू काय?" ते मला अंघोळीच्या आधी गाठायचे. "मी तारेला कथील वितळवून डाग दिला. घरात डाग चालतो, घर जागचं हलत नाही. मोटार हादरते, तेप्प डुलतं. डागाच्या शेजारी तार ताठ होते, आणि तिथंच मोडते. तारेला टोपी घालायची, दाबून. डाग बेडा, नकोच!"

टोपी म्हणजे तांब्याची बारीक नळी, पुढे स्क्रूसाठी भोक. ती तारेच्या मापाची हवी. मोठी झाली तर तार आत खुळखुळते, लहान झाली तर तारेचे धागे बाहेर राहतात. पाण्यावर नुसतं तांबं हिरवं पडतं म्हणून टोप्यांना कल्हई हवी. त्यांनी टोप्या कल्हईवाल्याकडे आमच्या भांड्यांबरोबरच पाठवल्या. त्यातली एक आम्हाला वरणात सापडली. मल्लोजीरावांनी ती धुऊन, पुसून, ओढून परत नेली.

अडचण होती ती टोपी दाबायची. पकडीनं दाबली तर ती चपटी होते आणि तार कडेनं निसटते. दोन्हीकडून सारखी मिठी बसायला हवी. त्यांनी नालबंदाचा सांडसा आणला, सोनाराचा चिमटा आणला. सगळ्यांचे सांधे ढिले. मग एके दिवशी त्यांचा हात पानाच्या डब्याकडे गेला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी सुपारी अडकित्त्यात धरली आणि दाबली. सुपारी तशीच्या तशी. पुन्हा दाबली. मग त्यांनी अडकित्ता दिव्याजवळ नेला. धार घासून टाकलेली, आणि दोन्ही पात्यांना कानशीनं पाडलेल्या अर्धगोल खाचा.

"हे तुम्ही केलंत?"

"टोपी काय सुरेख बसते बघ त्यात," मल्लोजीराव म्हणाले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि यात काय चुकलं ते विचारलं.

सकाळच्या गाडीनं वहिनी बेंगळूरला भावाकडे निघून गेल्या.

"सुम्ने गेलीय, उगाच," मल्लोजीराव आल्या-गेल्याला सांगत. "येईल." आठवडे गेले. घरात चूल पेटेना, ते कुठेतरी खाऊन येत. नवा अडकित्ता आणायला ते बाजारातही गेले, पण दुकानात प्रत्येक अडकित्त्याचा सांधा हलवून बघत आणि तोंड वाकडं करून परत येत. सगळ्या म्हैसुरात सासूबाईंच्या अडकित्त्याच्या तोडीचा एकही निघाला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून, मान खाली घालून, ते काहीतरी कातरत राहायचे. टोप्यांचं तांबं असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. पण त्यांना तसं एकटं बघवत नसे.

शेवटी एकदा मी म्हणालो, "जा ना, घेऊन या त्यांना."

"कुठल्या तोंडानं जाऊ? माझ्यापायी तिला चारचौघींत ऐकून घ्यावं लागलं, वर तिच्या आईची वस्तूही मीच मोडली. आधी तेप्पावर दिवे लागू देत." मग ते म्हणाले, "आणि नाहीच लागले, तर ती तिथंच बरी."

रोषणाईचं काम जहागीरदारांनी पुढच्या वर्षीही मल्लोजीरावांकडेच ठेवलं. तेप्पाच्या दिवशी तिन्हीसांजेला घाटावर हीऽ गर्दी. देवीच्या तेप्पाला वहिनी आजवर कधी चुकल्या नव्हत्या, म्हणून मी त्यांनाच शोधत होतो. त्या दिसल्या. हातात बोचकं, स्टेशनवरून थेट आलेल्या. "देवीसाठी आलेय," मी न विचारताच त्यांनी सांगून टाकलं.

दिवे लागले. तेप्प निघालं, डुलत डुलत मध्यावर गेलं. वहिनींनी बोचकं घट्ट आवळून धरलं होतं. तेप्पानं एक फेरी केली, मग दुसरी, मग तिसरी. एक दिवा लुकलुकला नाही. काठावरच्या बायका देवीला हात जोडत होत्या, आणि वहिनींना कोणी काही म्हणालं नाही.

तेप्प घाटाला लागलं तसे मल्लोजीराव खाली उतरले. वहिनींना बघून जागीच उभे राहिले. वहिनी त्यांना ओलांडून सरळ तेप्पाशी गेल्या. तारेच्या टोकाची टोपी त्यांनी बोटांनी चाचपली. तिच्यावर त्या खाचांचा ठसा होता.

"माझ्या अडकित्त्याचं काम हे?"

"हो."

वहिनींनी तार धरून ओढली. स्वल्प नव्हे, चांगला जोर लावून ओढली. तार सुटली नाही, तेप्पच हातभर पुढे आलं.

"बसलंय," त्या म्हणाल्या. "आता मी सुपारी कशानं कातरू?"

मल्लोजीरावांनी कोटाच्या खिशातून एक पत्र्याची डबी काढली. डबी काठोकाठ सुपारीनं भरलेली, केसासारखी बारीक कातरलेली. "पत्र्याच्या कातरीनं केली," ते खाली बघत म्हणाले. "रोज संध्याकाळी थोडी थोडी. तू येशील तेव्हा असू दे म्हणून."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी घाटावरच्या धुपाच्या धुरावर ढकललं.

वहिनींनी चिमूटभर सुपारी तोंडात टाकली. "पेट्रोलचा वास येतोय," त्या म्हणाल्या, आणि चघळत राहिल्या. उरलेली सुपारी त्यांनी पदराच्या टोकात ओतून घेतली आणि वर गाठ मारली. मल्लोजीरावांचा हात सवयीनं त्या गाठीकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी वहिनींच्या हातातलं बोचकं घेतलं आणि दोघं नजरबादच्या वाटेला लागली. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, त्यांनी न ओढता सोडलेली गाठ ती एवढीच.