जांभळावरचा पट्टा

पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थाला घरात अजून छोटू म्हणतात, यावरून त्या घरात कोणाचं चालतं हे ओळखावं. छोटूने नवी पांढरीशुभ्र गाडी घेतली होती आणि ती उभी करायला अंगणात एकच जागा होती, जांभळाखाली. रोज सकाळी टपावर जांभळांचा सडा पडलेला असे. छोटू ओल्या फडक्याने टप पुसे. निम्मे डाग जात, उरलेले पसरत. ऑफिसात एकाने विचारलं, "गाडीला कांजिण्या आल्यात का?" तेव्हापासून छोटूने त्या झाडाशी उभा दावा मांडला.

आईपाशी विषय काढण्यात अर्थ नव्हता. अंगणातलं प्रत्येक झाड तिने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, आणि पोटच्या पोरापेक्षा ती झाडं तिला कमी त्रास देत. म्हणून छोटूने मोरीत शिरून, कडी लावून, नळ मोठा सोडून झाडं तोडणाऱ्या ठेकेदाराला फोन केला. फोनवर बोलताना पलीकडचा माणूस नदीपार उभा आहे असं छोटूला नेहमी वाटत असे.

"उद्या दुपारी या," तो म्हणाला. "आई तेव्हा झोपलेली असते. मी ऑफिसात असेन."

"मग आम्हाला झाड कसं कळायचं?" ठेकेदार म्हणाला. "असं करा, बुंध्याला चुन्याचा पट्टा मारून ठेवा. पट्टा दिसला की आम्ही कोणाला विचारत बसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटू चुन्याचा डबा घेऊन जांभळापाशी वाकला. पट्टा पुरा होतो न होतो तोच मागून आवाज आला.

"काय चाललंय रे?"

ब्रश छोटूच्या बुटावर पडला. "काही नाही गं. वाळवी लागू नये म्हणून. झाडांची काळजी घ्यायला नको का?"

आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. ज्या मुलाने जन्मात एका रोपाला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, त्याचे हे विचार ऐकून तिला भरून आलं असावं, असं छोटूला वाटलं.

"मग एकट्या जांभळाचीच काळजी?" ती म्हणाली. "आंब्याने काय तुझं घोडं मारलंय? लिंबू आहे, पेरू आहे."

"मला उशीर होतोय, आई."

"तू जा. डबा तेवढा ठेव इथे."

म्हातारी कुठे वाकून रंगवत बसणार, असं मनाशी म्हणत छोटू निघून गेला. इथेच त्याचं चुकलं. आईने पदर खोचला आणि अंगणातली सगळी झाडं पट्टेदार करून टाकली. कुंपणापलीकडून निवृत्त हेडमास्तर डोकावले. शेजाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना सोसत नसे.

"काय, ताई, हे कशासाठी?"

"वाळवीसाठी. छोटू म्हणतो, आत्ताच मारायला हवा. मागाहून उपयोग नाही."

"मी आज मारणारच होतो," हेडमास्तर म्हणाले आणि उरलेला चुना मागून घेऊन गेले. जाताना त्यांनी दोन घरी ही गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. दुपारपर्यंत गल्लीतल्या झाडून सगळ्या झाडांना पट्टे बसले. ज्या शिंप्याच्या दारात झाड नव्हतं, त्याने मागे राहायला नको म्हणून विजेच्या खांबाला पट्टा मारला.

दुपारी छोटूचा फोन वाजला. "साहेब, एवढं मोठं काम आहे हे आधी सांगायचं ना," ठेकेदार खुशीत होता. "मी दुसरा ट्रक मागवलाय. एक माणूस तुमच्या आंब्यावर चढवलाय. फक्त तो कोपऱ्यावरचा खांब आमच्याकडून होणार नाही."

तो आंबा त्याच्या जन्माच्या वर्षी आईने लावलेला होता. "कशाला हात लावू नका," तो असा ओरडला की अख्ख्या ऑफिसने हातातलं काम खाली ठेवलं.

तो घरी पोचला तेव्हा आंब्यावर दोर बांधून झाला होता, खाली करवत तयार होती आणि सगळी गल्ली फाटकाशी जमली होती. आई मात्र जांभळाखाली खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती.

"हे लोक कोण?" हेडमास्तरांनी विचारलं. "आणि करवत कशाला?"

"हे... झाडांचे डॉक्टर आहेत," छोटू म्हणाला. "तपासायला बोलावलेत."

ठेकेदाराने एकदा छोटूकडे बघितलं, एकदा गल्लीतल्या झाडांकडे बघितलं आणि आंब्याच्या बुंध्याला कान लावला.

"पाणी कमी पडतंय," तो म्हणाला.

"कोणत्या झाडाला?"

"सगळ्यांनाच."

"मी केव्हाचा हेच सांगतोय," हेडमास्तर म्हणाले.

ठेकेदार जांभळापाशी आला. फुकट गेलेल्या दुसऱ्या ट्रकचा राग त्याला कुठे तरी काढायचा होता. "याची प्रकृती नाजूक आहे. रोज सकाळी दोन बादल्या पाणी. आणि ते ज्याने पट्टा मारला त्यानेच घालायचं." छोटूने डोळे वटारले, तेव्हा त्याने शेणखतही सांगितलं.

तेव्हापासून छोटू रोज ऑफिसच्या कपड्यांत बादल्या वाहू लागला. जांभूळ असं काही बहरलं की पांढऱ्या गाडीचा रंग सांगावा लागे. एके सकाळी पाणी ओतता ओतता त्याला आठवलं.

"आई, त्या दिवशी दुपारी तू जागी कशी होतीस?"

"मोरीतून फोन करत जाऊ नकोस," आई म्हणाली. "नळाचा आवाज वाढला की तुझाही वाढतो."

छोटूने बादली खाली ठेवली. "म्हणजे तुला सगळं... अगं, पण त्यांनी सगळीच झाडं तोडली असती तर?"

"कशी तोडतील? मीच त्यांना म्हटलं, एवढी झाडं आहेत, साहेबांना एकदा विचारून घ्या. जांभळासाठी तू आला नसतास. आंब्यासाठी येणार हे मला माहीत होतं."

छोटूने मुकाट्याने दुसरी बादली मुळाशी ओतली. टपावर टप्पकन एक जांभूळ पडलं. आईने ते उचललं, पदराला पुसलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. ते गोड होतं, आणि तसं त्याला म्हणावंही लागलं.